मॅग्नेशियम: मुतखड्यातलं आणि मुतखड्याविरुद्धचं

मुतखड्याच्या रसायनशास्त्रावर वाचायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात एक गोंधळ समोर येतो. एका पेपरात मॅग्नेशियम हा खड्याचाच घटक असतो. दुसऱ्या पेपरात तोच आयन खडा होऊ न देणारा, म्हणजे इनहिबिटर असतो. तिसरा पेपर सांगतो की रुग्णांना मॅग्नेशियम देऊन काहीच फरक पडला नाही. लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलेला विद्यार्थी मग एक सोपी वाट धरतो. 'याबाबत संशोधकांमध्ये मतभेद आहेत' असं एक वाक्य लिहून पुढे जातो. माझ्या मते इथे मतभेद फारसे नाहीतच. तिन्ही पेपर बरोबर आहेत, फक्त तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. ते वेगळे कसे झाले हे समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि मागे म्हणजे चांगलं अडीचशे वर्षं मागे.

सुरुवात इंग्लंडमध्ये. १७३९ साली ब्रिटिश पार्लमेंटने जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंना पाच हजार पौंड द्यायचं ठरवलं. बाईंकडे मूत्राशयातला खडा विरघळवणारं गुप्त औषध होतं आणि त्याची कृती त्यांनी जाहीर करावी अशी अट होती. त्या काळी खड्यावर दुसरा उपाय म्हणजे भूल न देता केलेली शस्त्रक्रिया. ती टाळण्यासाठी लोक काय वाटेल ते द्यायला तयार होते. कृती 'लंडन गॅझेट'मध्ये छापून आली तेव्हा कळलं की औषधात भाजलेली अंड्यांची टरफलं आहेत, भाजलेल्या गोगलगाई आहेत, साबण आहे, मध आहे आणि काही झाडपाला. आज हसू येतं, पण रसायनाच्या नजरेने बघा: टरफलं आणि गोगलगाईंचे शंख भाजले की चुनकळी होते. साबणात अल्कली असतेच. म्हणजे बाईंचं औषध हे मुळात चुना आणि अल्कली यांचं मिश्रण होतं. आपल्याकडे मुतखडा झालेल्या माणसाला शेजारपाजारचे कुळथाचं कढण सांगतात, पानफुटीची पानं सांगतात. फरक एवढाच की आपल्या पार्लमेंटने अजून कुणाला त्याचे पैसे दिलेले नाहीत.

या औषधामुळे युरोपातल्या वैद्यकात चुन्याच्या निवळीला एकदम प्रतिष्ठा मिळाली. एडिंबरा विद्यापीठात रॉबर्ट व्हिट आणि चार्ल्स ॲल्स्टन हे दोन प्राध्यापक निवळी कशाची चांगली यावर भांडत होते. एक ऑयस्टरच्या शिंपल्यांच्या बाजूने, दुसरा चुनखडीच्या. त्याच विद्यापीठात जोसेफ ब्लॅक हा तरुण एमडीचा प्रबंध करत होता. खड्यावर चालेल असं सौम्य अल्कली शोधायचं त्याच्या मनात होतं. आता हे दोन प्राध्यापक जिथे आहेत तिथे चुन्यावर प्रबंध लिहिणं म्हणजे कुणा एकाचा रोष ओढवून घेणं. ब्लॅक चुना सोडून 'मॅग्नेशिया अल्बा' या पांढऱ्या पावडरीकडे वळला. हे एप्सम सॉल्ट आणि पोटॅश यांपासून मिळणारं मॅग्नेशियमचं कार्बोनेट. विषय निवडताना परीक्षक कोण असतील याचा विचार करण्याची प्रथा बरीच जुनी आहे, हे लक्षात घ्या.

ब्लॅकने पावडर भाजली, वजन केलं, आणि वजन निम्म्याहून कमी भरलं. गेलं कुठे? त्याने दाखवलं की एक विशिष्ट हवा निघून गेली आहे, आणि अल्कली घातली की तीच 'हवा' परत पावडरीत बसते. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. प्रबंध १७५४चा, विस्तारित निबंध १७५६मध्ये छापला गेला. रसायनशास्त्रात काटेकोर वजनं घेऊन प्रक्रिया समजून घेण्याचं हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक मानतात. आणि खड्याचं काय? भाजलेलं मॅग्नेशिया पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्याची निवळीच होत नाही. खड्यासाठी ते निरुपयोगी निघालं. प्रबंधाच्या शीर्षकात शेवटी पोटातल्या आम्लाचा उल्लेख आला, खड्याचा नाही. ज्या कारणासाठी काम सुरू केलं ते कारण प्रबंधातून गळून पडलं, आणि काम मात्र टिकलं.

इथपर्यंत एक गोष्ट कुणालाच नीट ठाऊक नव्हती: खडा नेमका कशाचा बनलेला असतो? १७७६मध्ये स्वीडनच्या कार्ल शीलने मूत्राशयातल्या खड्यात एक नवं आम्ल शोधलं, ज्याला आपण युरिक आम्ल म्हणतो. काही काळ सगळे खडे याचेच असतात असा समज झाला. तो मोडला विल्यम हाइड वुलस्टनने, १७९७च्या पेपरात. त्याने खड्यांचे वेगवेगळे प्रकार वेगळे काढले. तुतीच्या फळासारखा खडबडीत दिसणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता. एक प्रकार फॉस्फेटचा होता आणि त्यात मॅग्नेशियम आणि अमोनिया दोन्ही होते. बघा, मॅग्नेशियम इथे पहिल्यांदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं.

आणि नेमकं याच सुमाराला डॉक्टर ते औषध म्हणून देत होते! १८१०मध्ये विल्यम ब्रँड याने रॉयल सोसायटीपुढे मांडलं की मॅग्नेशिया दिल्याने लघवीत युरिक आम्ल कमी साठतं. तर्क चुकीचा नव्हता. युरिक आम्ल अल्कलीत विरघळतं, मॅग्नेशिया अल्कलीसारखं वागतं. पण लघवी अल्कधर्मी झाली की फॉस्फेटचा साका बसू लागतो. म्हणजे एक खडा टाळता टाळता दुसऱ्याची सोय. अलेक्झांडर मार्सेटच्या १८१७च्या पुस्तकाचं महत्त्व मला इथे वाटतं. डॉक्टरने आधी खडा कुठल्या जातीचा आहे ते तपासावं आणि मग औषध द्यावं, हा त्याचा आग्रह होता. त्यासाठी फुंकनळी, थोडी आम्लं आणि अल्कली एवढीच साधनं पुरतात असंही तो दाखवतो. आज आपण एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि एफटीआयआर वापरतो, पण कितीतरी गावांत अजूनही खडा निघाला की तो पुडीत बांधून घरी ठेवला जातो आणि त्याचं विश्लेषण कधीच होत नाही.

मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटला स्ट्रुव्हाइट हे नाव १८४५मध्ये मिळालं, तेही खड्यावरून नव्हे. हँबुर्गमध्ये सेंट निकोलस चर्चच्या पायासाठी खोदताना जुन्या मैल्याच्या थरात त्याचे सुंदर स्फटिक सापडले. उल्क्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने फॉन स्ट्रुव्हं यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. मैला आणि संसर्ग झालेलं मूत्राशय यांच्यात साम्य आहे: दोन्हीकडे जिवाणू युरिया फोडतात, अमोनिया सुटतो, पीएच वर जातो. हे करणारं युरिएज हे एन्झाइम जेम्स समनरने १९२६मध्ये जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांपासून स्फटिकरूपात वेगळं केलं. त्याचा अर्थ असा की स्ट्रुव्हाइटमध्ये मॅग्नेशियम असलं तरी खडा होण्याचं कारण मॅग्नेशियम नाही. ते लघवीत नेहमीच असतं. बदलतो तो पीएच आणि अमोनियम. घटक असणं आणि कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हायवामध्ये हा प्रश्न हमखास येतो. १९४३मध्ये सबी आणि अल्ब्राइट यांनी फॉस्फेटचे खडे मूत्रमार्गातच विरघळवण्यासाठी सायट्रेटचं द्रावण वापरलं, आणि त्यात त्यांनी मॅग्नेशियम मुद्दाम घातलं होतं, कारण त्यामुळे मूत्राशयाच्या अस्तराची जळजळ कमी होत होती. मॅग्नेशियमचा खडा विरघळवायला मॅग्नेशियम!

आता दुसऱ्या पेपराकडे येऊ, जिथे मॅग्नेशियम रक्षक आहे. इथे खडा वेगळा आहे, कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे जगभर सर्वाधिक आढळणारा. त्याच्या मोनोहायड्रेट रूपाला खनिजशास्त्रात व्हेवेलाइट म्हणतात. १८५२मध्ये ब्रुक आणि मिलर यांनी केंब्रिजच्या विल्यम व्हेवेल यांच्या नावावरून ते ठेवलं. हा तोच व्हेवेल, ज्याच्याशी पत्रव्यवहार करून मायकेल फॅरडेने १८३४मध्ये 'आयन', 'ॲनोड', 'कॅथोड' हे शब्द निश्चित केले. ज्याने आपल्याला 'आयन' शब्द दिला त्याचंच नाव मुतखड्याच्या सर्वांत नेहमीच्या खनिजाला आहे. योगायोगच, पण प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड म्हणून झकास. डायहायड्रेट रूपाचं नाव वेडेलाइट. त्याचे स्फटिक अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाच्या गाळात सापडल्याचं १९३६मध्ये बॅनिस्टर आणि हे यांनी नोंदवलं.

शब्द १८३४चा असला तरी मिठाच्या द्रावणात आयन सुटे फिरतात ही कल्पना अर्हेनियसच्या १८८४च्या प्रबंधातली. त्यालाही उप्सालात अगदी हलकी श्रेणी मिळाली होती, पुढे १९०३चं नोबेल मिळालं. ती कल्पना, आणि तिच्यावर उभं राहिलेलं डिबाय-ह्यूकेलचं १९२३चं समीकरण, यांच्याशिवाय पुढचा प्रश्न विचारताच आला नसता: लघवीत विरघळलेले इतर आयन कॅल्शियम ऑक्झलेटच्या विद्राव्यतेवर काय परिणाम करतात?

हा प्रश्न नीट हाताळला हॅमरस्टेन यांनी. त्यांचा लेख १९२९मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या नियतकालिकात आला. निष्कर्ष असा की मॅग्नेशियम असेल तर कॅल्शियम ऑक्झलेट जास्त विरघळतं. कारण समजायला सोपं आहे. द्रावणात ऑक्झलेटला कॅल्शियम भेटू शकतं किंवा मॅग्नेशियम. मॅग्नेशियमशी जोडी जमली तर ती जोडी द्रावणातच राहते, कारण मॅग्नेशियम ऑक्झलेटची पाण्यातली विद्राव्यता कॅल्शियम ऑक्झलेटच्या पन्नास पटींहून अधिक आहे. तेवढं ऑक्झलेट कॅल्शियमच्या हाती लागत नाही. शिवाय मॅग्नेशियमचा आयन छोटा आहे (त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम, कॅल्शियमची १.००) आणि आपल्याभोवतीचे सहा पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे व्हेवेलाइटच्या जाळीत तो सहज शिरत नाही. मॅग्नेशियम पुरेसं असेल तर मोनोहायड्रेटऐवजी डायहायड्रेट तयार होण्याकडे कल वाढतो.

सुश्रुतसंहितेत अश्मरी कशी होते हे सांगताना एक उपमा येते: नव्या मडक्यात भरलेलं स्वच्छ पाणीसुद्धा काही काळाने तळाशी गाळ सोडतं, तसंच हे. आजच्या भाषेत आपण त्याला अतिसंपृक्त द्रावण म्हणू. लघवी कॅल्शियम ऑक्झलेटच्या बाबतीत बहुतेक माणसांत अतिसंपृक्तच असते. तरी सगळ्यांना खडे होत नाहीत. खरं कोडं इथे आहे. त्यामुळे संशोधनाचा रोख 'खडा का होतो' वरून 'बाकीच्यांना का होत नाही' याकडे वळला.

जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन ईगर हॉवर्ड आणि विल्यम थॉमस यांनी यासाठी एक अजब चाचणी वापरली. मुडदूस झालेल्या उंदरांची कूर्चा वेगवेगळ्या लघवीत ठेवायची आणि तिच्यात खनिज साठतं का ते बघायचं. १९५९च्या त्यांच्या पेपरात खडे होणाऱ्यांच्या लघवीत कूर्चा कॅल्शियमने भरत होती, निरोगी माणसांच्या लघवीत भरत नव्हती. म्हणजे निरोगी लघवीत काहीतरी रोखणारं आहे. शोध सुरू झाला. १९६२मध्ये फ्लाइश आणि बिसाझ यांनी लघवीतून पायरोफॉस्फेट वेगळं केलं. (हाडं ठिसूळ होण्यावर दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधं याच वाटेने आली.) १९६३मध्ये बर्ड आणि थॉमस यांनी त्याच कूर्चेच्या चाचणीत निरनिराळे धातू तपासले. आणि १९८२मध्ये मेयर आणि थॉमस यांचे जोड-पेपर आले. मला ते या सगळ्या साहित्यात सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांनी लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचे त्रिसंयुजी आयन सायट्रेटसोबत वापरले. धातू आणि सायट्रेट यांची जोडी स्फटिकाची वाढ जोरात रोखत होती. धातूचा परिणाम एकट्या धातूचा नसतो. सोबत कोण आहे यावर तो ठरतो. तुम्ही जर शुद्ध पाण्यात कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम ऑक्झलेट मिसळून त्यात जस्त किंवा तांबं टाकत असाल, तर तुमचा आलेख सुंदर येईल, पण सायट्रेट नसलेल्या त्या बीकरचा मूत्रपिंडाशी संबंध काय, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

तिसरा पेपर, म्हणजे रुग्णांवरचा. याची कथा उंदरांपासून सुरू होते. १९६१मध्ये गेरशॉफ आणि अँड्रस यांनी दाखवलं की ब-६ जीवनसत्त्व कमी असलेल्या उंदरांत होणारे ऑक्झलेटचे साठे आहारात मॅग्नेशियम वाढवलं की टळतात. गेरशॉफने मग एडविन प्रिएन यांच्यासोबत रुग्णांना मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ब-६ द्यायला सुरुवात केली. प्रिएन हे तेच, ज्यांनी १९४७मध्ये हार्वर्डच्या क्लिफर्ड फ्रॉन्डेल या खनिजतज्ज्ञाबरोबर ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली खड्यांतली खनिजं ओळखण्याचं मोठं काम केलं होतं. १९७४मध्ये त्यांनी १४९ रुग्णांचा अहवाल दिला. दर रुग्णामागे वर्षाला सरासरी १.३ खडे होत होते, ते ०.१०वर आले. आकडा बघून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला.

एकच अडचण होती. तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्यांना वारंवार खडे होतात तेच लोक अशा अभ्यासात येतात, तेही त्रास शिगेला पोचलेला असताना. त्यानंतर आपोआपही थोडी घट होतेच. शिवाय दवाखान्यात नियमित यायला लागलेला माणूस पाणी जास्त पितो, खाणं सांभाळतो. १९८३मध्ये हॉस्किंग आणि सहकाऱ्यांनी याला 'स्टोन क्लिनिक इफेक्ट' असं नावच दिलं. १९८८मध्ये एटिंगर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून चाचणी घेतली: एका गटाला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, एकाला क्लोरथॅलिडोन, एकाला प्लासिबो. प्लासिबोच्या गटातही खडे अपेक्षेपेक्षा निम्म्याहून अधिक घटले. क्लोरथॅलिडोनचा फायदा त्याहून स्पष्टपणे जास्त दिसला. मॅग्नेशियमचा नाही.

मग हॅमरस्टेन चुकले का? अजिबात नाही. त्यांनी द्रावणातल्या आयनांबद्दल विधान केलं होतं आणि ते आजही खरं आहे. पण गोळीतलं मॅग्नेशियम आणि लघवीतलं मॅग्नेशियम यांच्यामध्ये आतडं आहे, हाडं आहेत, मूत्रपिंड आहे. हायड्रॉक्साइडमधून थोडंच शोषलं जातं आणि लघवीतलं प्रमाण मर्यादितच वाढतं. एटिंगर यांनीच १९९७मध्ये पोटॅशियम-मॅग्नेशियम सायट्रेटची चाचणी घेतली. तीन वर्षांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ६३.६ टक्के जणांना नवे खडे झाले, औषध घेणाऱ्यांपैकी १२.९ टक्के जणांना. पण इथे सायट्रेटही होतं. त्यातलं श्रेय मॅग्नेशियमचं किती, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही, कारण फक्त पोटॅशियम सायट्रेट घेणारा गट तिच्यात नव्हता.

आतड्याची ही भानगड कॅल्शियमच्या बाबतीत तर आणखी महागात पडली. खड्यात कॅल्शियम आहे, तेव्हा दूध बंद करा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आणि आपल्याकडे अजूनही ऐकू येतो. १९९३मध्ये कुर्हान आणि सहकाऱ्यांनी पंचेचाळीस हजारांवर पुरुषांच्या माहितीवरून दाखवलं की आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना खडे कमी होतात. आतड्यात कॅल्शियम ऑक्झलेटला तिथेच बांधून टाकतं आणि ते शौचावाटे निघून जातं. हा निरीक्षणाचा अभ्यास होता. पुढे इटलीत बोर्गी यांनी १२० पुरुषांवर पाच वर्षं चाचणी घेतली आणि २००२मध्ये निकाल दिला: कमी कॅल्शियमच्या आहारावर ६०पैकी २३ जणांना पुन्हा खडे झाले. नेहमीइतकं कॅल्शियम पण मीठ आणि प्राणिज प्रथिनं कमी असलेल्या आहारावर ६०पैकी १२ जणांना. एकच आयन, आतड्यात मित्र आणि मूत्रपिंडात कच्चा माल. हा सल्ला मोडायला जी वर्षं गेली त्यात किती जणांनी विनाकारण दूध सोडलं असेल, आणि त्यांच्या हाडांचं काय झालं असेल!

सध्या सगळ्यांचं लक्ष जस्ताकडे आहे. अलेक्झांडर रँडॉल यांनी १९३७मध्ये मूत्रपिंडाच्या पॅपिलांवर कॅल्शियमचे पांढरट चट्टे वर्णन केले होते, त्यांवरच कित्येक खडे रुजतात. २०११मध्ये फ्रान्समधल्या गटाने सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रे फ्लुरोसन्सने या चट्ट्यांत जस्ताचं प्रमाण बरंच जास्त असल्याचं दाखवलं. २०१५मध्ये फळमाशीच्या मालपिघी नलिकांवरच्या प्रयोगात जस्त कमी केल्यावर साठे कमी झाले. उत्साह वाटणं साहजिक आहे. पण जस्त तिथे खनिजाची सुरुवात करायला आलं, की ऊतीत दाह झाल्यामुळे आलं, की नंतर नुसतं चिकटून बसलं? स्ट्रुव्हाइटमधल्या मॅग्नेशियमबद्दल विचारलेला प्रश्नच हा. धातूचा परिणाम स्फटिकावरच व्हावा असंही नाही. कॅडमियम मूत्रनलिकांना इजा करतं, त्यातून कॅल्शियम लघवीत गळतं, आणि खडा होतो तो त्या गळतीमुळे.

या विषयात येऊ घातलेल्यांना एक व्यावहारिक सूचना. पेपर वाचताना वहीत चार रकाने आखा: कुठलं खनिज, कुठल्या द्रावणात, पीएच किती, आणि सायट्रेट होतं का. मी माझ्या रिव्ह्यूसाठी हे केलं तेव्हा परस्परविरोधी वाटणाऱ्या पेपरांपैकी बरेचसे पहिल्या दोन रकान्यांतच वेगळे झाले. जे उरले त्यांच्यात चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा होता. सध्या माझ्या बाकावर कृत्रिम लघवीचे बीकर दोन रांगांत आहेत, एका रांगेत मॅग्नेशियमसोबत सायट्रेट आणि दुसरीत नुसतं मॅग्नेशियम. साका गाळून, वाळवून एक्स-रे डिफ्रॅक्शनला जाईल आणि व्हेवेलाइट किती, वेडेलाइट किती ते मोजलं जाईल. मशीनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.